काठावरचा घोडा

कवळीबाईंनी आयुष्यभर लोकांना दात दिले, पण त्यातलं एकही तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या हिरड्यांचं माप घ्यायचे आणि त्या मापाचा प्लास्टरचा साचा कागदात गुंडाळून बाईंच्या कारखान्यात यायचा. कारखाना म्हणजे तरी काय, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. खिडकीशी बाईंचं टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि खणात रंगांप्रमाणे लावून ठेवलेले दात. साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरचे आणि खालचे दात नीट मिटतात की नाही ते बघायचं. पक्की कवळी तयार झाली की घासूनपुसून चकचकीत करून पाठवून द्यायची. पुढच्या दातांतला एक दात बाई मुद्दाम किंचित तिरका बसवायच्या. "सगळे रांगेत उभे केले की कवळी हसते, माणूस नाही हसत," असं त्यांचं म्हणणं. कारखान्यातल्या बाकीच्यांनीच त्यांना कवळीबाई करून टाकलं होतं. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे.

स्वभावानं त्या अबोल. नवरा त्यांच्याहून अबोल. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, दिवसभर उंच स्टुलावर बसून रेघा मारायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात दोघांच्या लक्षात आलं, की संध्याकाळी चहा पिऊन झाला की पुढे बोलायचं काय, हा मोठाच प्रश्न आहे. तेव्हा नवऱ्यानं कपाटावरून बुद्धिबळाचा पट काढला.

"शिकणार का?"

"शिकवाल तर शिकेन."

तेवढ्यावर संसाराच्या सगळ्या संध्याकाळी भागल्या. खिडकीकडे पाठ करून तो बसायचा, समोर बाई. पांढरे मोहरे त्याचे, काळे बाईंचे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच राहिलं. नवरा चांगला खेळायचा. कचेरीच्या स्पर्धेत एकदा पहिला आला होता. त्या चषकात घरातले कंगवे असायचे. खेळायला बसला की बायको बिको काही बघायचा नाही. बाई रोज हरायच्या. हरून उठायच्या, भांडी घासायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा हरायला बसायच्या.

असं बरंच चाललं. मग एका संध्याकाळी बाई फार वैतागलेल्या होत्या. कारखान्यात एक कवळी हातातून पडून दुभंगली होती आणि वर मालकाचं बोलणं खावं लागलं होतं. नवऱ्यानं नेहमीसारखं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. बाईंनी राजाच्या बाजूचा घोडा उचलला आणि ठेवला पटाच्या अगदी काठावर.

"हे काय?"

"घोडा आहे. बसलाय काठावर. बसू दे."

नवऱ्यानं दुसरं प्यादं पहिल्याच्या शेजारी आणून ठेवलं. बाईंनी उंटापुढचं प्यादं एक घर पुढे सारलं आणि घोड्यासाठी मागे जागा केली. मग काठावरचा घोडा आत येऊन राजापुढे उभा राहिला, दारात बांधल्यासारखा. त्या दिवशी बाई पहिल्यांदा जिंकल्या. इतक्या खूश झाल्या, की शेजारणीच्या दारावर थाप मारून सांगून आल्या. शेजारीण बिचारी म्हणाली, "बरं झालं हो," आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून तो घोडा बाईंचा झाला. रोज तीच सुरुवात. म्हणून रोज जिंकायच्या असं नाही. नवरा पुढे जाऊन त्यांना पिळून काढायचाच. पण अधूनमधून जिंकायच्या, आणि हरल्या तरी लढून हरायच्या. "तुझ्या या घोड्याला अजून तोड सापडत नाही बघ," तो म्हणायचा. मोजून मापून बोलणारा माणूस. त्याचं हे एक वाक्य बाईंना पुष्कळ दिवस पुरायचं.

गेल्या थंडीत छातीत जड वाटतंय म्हणून तो खुर्चीत टेकला, तो टेकलाच. मुलगा आला, सगळं केलं, "चल माझ्याकडे" म्हणाला. बाई म्हणाल्या, "बघू." मुलगा परत आपल्या गावी गेला. दिवस कारखान्यात निघून जायचा. संध्याकाळी मात्र बाई चहाचा एकच कप घेऊन बसायच्या, तेव्हा घर इतकं गप्प असायचं की वरच्या मजल्यावरच्या नळाची धार ऐकू यायची. आधीही ते दोघं कुठे बोलायचे? पण दोघांनी गप्प बसणं आणि एकटीनं गप्प बसणं यात किती अंतर आहे, ते बाईंना आता कळत होतं.

कारखान्याच्या वाटेवर सायकलीच्या दुकानावर एक पाटी होती. बुद्धिबळ मंडळ, दर रविवारी सकाळी, सर्वांना प्रवेश. बाई कितीतरी रविवार त्या पाटीखालून भाजीची पिशवी घेऊन गेल्या. एका रविवारी मात्र जिना चढल्या. वर एक मोठी खोली, खालून येणारा रबराचा वास, लांब टेबलं आणि त्यावर वाकलेली डोकी. बहुतेक सगळे पुरुषच. मंडळाचे चिटणीस बारीक चणीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. सगळे त्यांना सर म्हणत. ते मुलांना खेळ शिकवत, आणि कुणाची भीडभाड ठेवत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी बाईंना एका गुबगुबीत गृहस्थांसमोर बसवलं. हे गृहस्थ आल्यागेल्या प्रत्येकाशी हसत होते.

"बाई, पांढरे घ्या तुम्ही. पाहुण्यांचा मान."

"नको. मला काळेच बरे."

हसऱ्या काकांनी राजापुढचं प्यादं सरकवलं. बाईंनी घोडा काठावर ठेवला. काकांनी दुसरं प्यादं शेजारी आणलं. बाईंनी उंटापुढचं प्यादं एक घर सारलं. सगळं कसं घरच्यासारखं चाललं होतं. बाईंना बरं वाटलं. आणि काकांनी लांबून उंट आणला आणि काठावरचा घोडा मारला.

बाई बघतच राहिल्या. त्या घोड्याला असं कुणी मारू शकतं, हे कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी गडबडीनं प्याद्यानं उंट मारला. त्या प्याद्याच्या जाण्यानं राजाच्या अंगावर तिरपी वाट सताड उघडी पडली. काकांचा वजीर त्या वाटेच्या टोकाशी येऊन उभा राहिला. शह. राजाला हलायला घर नाही, मध्ये घालायला मोहरा नाही.

"मात!" काका खो खो हसले. "अहो बाई, चहा तरी निवू द्यायचा होता!"

आजूबाजूचे दोघंतिघंही हसले. बाईंनी वर पाहिलं, तर काकांच्या हसण्यात पुढचा एक दात किंचित तिरका. रंग, ठेवण, सगळं ओळखीचं. आपलेच दात आपल्याला हसताहेत, हे बाईंना कळलं. एरवी त्यांना गंमत वाटली असती. त्या उठल्या, "बरं, येते," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

हरल्याचं दुःख नव्हतं. हरण्याचा त्यांना दांडगा सराव होता. पण हे इतकं सोपं होतं? आठवडाभर तो उंट त्यांच्या डोक्यातून हलेना. टेबलाशी बसून त्यांनी एक दाढ उलटी बसवली, पुन्हा मेण तापवून काढली, पुन्हा उलटीच बसवली.

पुढच्या रविवारी बाई मंडळ उघडायच्या वेळेलाच गेल्या. सर टेबलं पुसत होते.

"सर, मला एका बचावाबद्दल विचारायचं होतं."

"मागच्या रविवारी पाहिला मी तो. त्याला बचाव म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"आत्महत्या." असं म्हणाले खरं, पण फडकं बाजूला ठेवून त्यांनी पट मांडला. "बसा. काय विचार होता तुमचा? घोडा काठावर का?"

बाईंनी सांगितलं. घोडा आत राजापुढे आणायचा, चहूबाजूंनी घट्ट बसायचं, समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं आणि मग प्याद्यांनी धक्का द्यायचा. बोलायची सवय नसल्यामुळे त्या अडखळत होत्या. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"कल्पना अगदीच टाकाऊ नाही," ते म्हणाले. "पण तुमचं हे प्यादं हललं, की घोडा फुकट जातो. मारणाऱ्याला मारलंत तर राजा जातो. पोरासोरांनाही दिसेल. किती वर्षं खेळताय हे?"

"संसार झाला तेवढी."

"आणि कुणी घोडा मारला नाही?"

"समोर एकच माणूस होता. आमचे हे. ते गेले."

सरांनी विचारलं, "कसे खेळायचे ते? एखादा डाव आठवतो?"

बाईंना एक डाव अगदी पाठ होता. त्या जिंकल्या होत्या, आणि नवरा त्यावर जेवेपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंच्या खेळ्या एकेक करून मांडायला सुरुवात केली. मध्यावर आल्यावर सर पुढे सरकून बसले.

"थांबा. इथे त्यांनी हत्ती दिला?"

"हो. मग माझी पळापळ झाली. नंतर कशीबशी सुटले."

"सुटलात ते नशिबानं. हा माणूस खेळणारा होता, बाई. पुढचं पाच-सहा खेळ्यांचं पाहिल्याशिवाय हत्ती कुणी असा देत नाही. आणि ज्याला हे दिसतं, त्याला सुरुवातीचा तो उंट दिसत नाही?"

"नसेल दिसला."

"एखाद्या दिवशी नसेल. रोज?"

खाली सायकलीच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. बाईंनी नवऱ्याचा तो हत्ती पटाशेजारून उचलला. मग म्हणाल्या, "म्हणजे मला मुद्दाम जिंकू द्यायचे?"

"तसं नाही म्हणत मी. इथून पुढे ते मनापासून खेळलेत, जराही सूट नाही. त्यांनी फक्त घोडा मारला नाही." सरांनी चष्मा काढून पुसला. "का मारला नाही, ते पटावर दिसत नाही. ते मला नका विचारू."

दुपारी मुलाचा फोन आला. नेहमीची चौकशी झाली, सूनबाईचं सांगून झालं, गुडघ्याचं विचारून झालं. मग बाईंनी एकदम विचारलं, "काय रे, बाबा तुला कधी जिंकू द्यायचे का? लहानपणी?"

"बाबा?" मुलगा हसला. "आई, शाळेत असताना एकदा रडून रडून ताप आला होता मला. तरी सोडलं नाही. म्हणाले, रडलास म्हणून वजीर परत मिळणार नाही. तेव्हाच तर मी खेळणं सोडलं."

"मला वाटलं, तुला कंटाळा आला."

"कंटाळा कसला. का ग? काय झालं?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवल्यावर बाईंनी कपाटावरून पट काढला. नवऱ्याच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो उचलून पलंगावर टाकला आणि त्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या जागेवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पाठीमागून ऊन येत होतं आणि पट लख्ख दिसत होता. त्यांनी त्याचं प्यादं सरकवलं, आपला घोडा काठावर ठेवला, त्याचं दुसरं प्यादं, आपलं ते प्यादं. आणि पाहिलं.

इकडून पाहिलं तर त्याच्या उंटापासून त्यांच्या घोड्यापर्यंत सरळ वाट होती, मध्ये एकही मोहरा नाही. फूटपट्टी लावून आखलेल्या रेघेसारखी. आणि हा माणूस जन्मभर रेघाच आखत होता.

मग त्यांना घोड्याची ती पहिली संध्याकाळ आठवली. त्याचा हात उंटाकडे गेला होता. हो, गेला होता. बोटं उंटावर टेकणार, तेवढ्यात त्यानं वर पाहिलं होतं, आणि तोच हात कानाकडे नेऊन कान खाजवला होता. त्या दिवशी बाईंचं तोंड कसं झालं असेल, ते त्यांना आता कळत होतं. मालकाचं बोलणं खाऊन आलेलं तोंड. एक दिवस सोडून द्यावं, एवढंच त्याच्या मनात आलं असणार. पण बाई शेजारणीला सांगून आल्या. मग दुसऱ्या दिवशी तो घोडा कसा मारणार? आणि दुसऱ्या दिवशी नाही मारला, तर तिसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं?

बाईंना राग आला. असा की कानशिलं तापली.

"तोड सापडत नाही म्हणे!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी काय कुकुलं बाळ होते? सांगायचं होतं ना सरळ! चार दिवस रुसले असते, पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी शिकले असते. जन्मभर मला वाटत राहिलं, मी काहीतरी शोधून काढलंय."

समोर त्यांची स्वतःची रिकामी खुर्ची होती. तो असता तर चांगला आठवडाभर अबोला धरता आला असता. चहा आपटून ठेवता आला असता. तोही गप्प, आपणही गप्प, आणि शेवटी कुणीतरी पट मांडला असता. आता अबोला धरायचा तरी कुणाशी? रडू फुटलं, ते त्या रागातूनच फुटलं. तो गेला तेव्हाही बाई इतक्या रडल्या नव्हत्या.

त्यानंतरचे दोन-तीन रविवार त्या मंडळात फिरकल्या नाहीत. मग एक दिवस गेल्या आणि सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"दुरुस्त होईल का हा?"

"कोण?"

"बचाव."

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सोडून द्या की. पुस्तकात चांगले बचाव ढिगानं आहेत. एखादा शिकवतो."

"नको. हाच हवाय. पण खरा हवाय. समोरचा दया न करता खेळला तरी टिकणारा."

पुढे पुष्कळ रविवार ते दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. सर पांढऱ्याकडून येईल ते हत्यार चालवायचे. घोडा मारून बघायचे, प्यादी अंगावर घालून बघायचे, वजीर लवकर काढून बघायचे. बाई हरायच्या, मोहरे मागे घ्यायच्या, पुन्हा मांडायच्या. शेवटी गोम सापडली. उंटापुढचं प्यादं लगेच हलवायचं नाही. आधी घोड्याच्या घरापुढचं प्यादं एक घर पुढे घ्यायचं. म्हणजे मागचा काळा उंट मोकळा होतो आणि काठावरच्या घोड्याच्या पाठीशी उभा राहतो. मग पांढऱ्यानं घोडा मारलाच तर काळा उंट त्याला मारतो, आणि राजाच्या अंगावरची वाट बंदच राहते. घोडा आत आणायचा तो त्यानंतर, सवडीनं.

सरांनी घरी जाऊन संगणकावरही तपासून पाहिलं. "यंत्र म्हणतं पांढरा वरचढ आहे," ते म्हणाले. "आणि ते बरोबर आहे. जागा कमी मिळते, अंग चोरून बसावं लागतं. स्पर्धेत मी कुणाला हा खेळायला सांगणार नाही. पण मरत नाही. आता याला बचाव म्हणता येईल."

बाईंनी मान हलवली. सर खोटं गोड बोलणारे नव्हते, म्हणून तेवढ्यानंही त्यांचं पोट भरलं.

मंडळाच्या वार्षिक सामन्यांत त्यांची गाठ पुन्हा हसऱ्या काकांशी पडली. काळे मोहरे बाईंकडेच आले. काठावर घोडा बघताच काकांचा चेहरा फुलला. "पुन्हा तोच का, बाई!" म्हणत त्यांनी प्यादं सरकवलं. बाईंनी आपलं प्यादं एक घर पुढे घेतलं. काकांनी उंटाकडे हात नेला, आणि तेवढ्यात त्यांना मागचा काळा उंट दिसला. हात तिथल्या तिथे मागे आला. माणूस घाबरून हात मागे घेतो तेव्हा तो असा दिसतो, हे बाईंनी पाहून ठेवलं. कान खाजवण्याचा आणि याचा काही संबंध नव्हता.

डाव जेवणाची वेळ टळून गेली तरी चालूच होता. काका हसायचे थांबले होते आणि विचार करताना जिभेनं कवळी हलवत होते. दोन अडकलेली प्यादी, एकेक हत्ती, राजे पटाच्या मध्यावर. बाकीची टेबलं उठली, मंडळी येऊन भोवती उभी राहिली. शेवटी बाईंचा राजा एक घर चुकला, आणि काकांचं प्यादं सुटलं.

"हरले मी," बाई म्हणाल्या.

काकांनी रुमालानं कपाळ पुसलं. "घाम काढलात बाई. खरं सांगतो, मध्ये मला वाटलं, गेलो." मग जरा घुटमळून म्हणाले, "पुढच्या रविवारी बसायचं का? हाच घोडा घेऊन?"

"बसू की," बाई म्हणाल्या. दातांचं त्यांना सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं.

घराच्या वाटेवर त्यांना तो राजा सोडत नव्हता. कुठे चुकला, कुठलं घर, आधी हत्ती मागे घ्यायला हवा होता का. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून दम खाताना त्यांच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला नवऱ्याची एकदाही आठवण झाली नाही. म्हणजे डावाच्या त्या एका क्षणी काकांचा हात बघताना झाली असेल तेवढीच. बाकी सबंध सकाळ तो कुठेच नव्हता. घरात तो नाही, याची त्यांना एव्हाना सवय होत आली होती. डोक्यातही तो नसू शकतो, हे नवीन होतं, आणि ते फार वाईट होतं.

कुलूप काढून आत आल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला. मागे भांड्यांचा, बोलण्याचा आवाज येत होता.

"आई, पाहुणे आलेत ग. संध्याकाळी करू का?"

"कर. काही घाईचं नाही."

त्यांनी पट मांडला, हरलेला डाव जिथे फिरला तिथपर्यंत मोहरे लावले आणि आपल्या खुर्चीत बसल्या. राजा नव्हताच हलवायचा. हत्ती एक घर बाजूला, बस्स, आणि काकांचं प्यादं तिथेच अडकून पडत होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं, समोरच्या बाजूनं जाऊनही तपासलं. खेळी बरोबर होती.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या.

आवाज खोलीत जरा वेळ राहिल्यासारखा वाटला. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. बाई उठल्या आणि सकाळचं जेवण गरम करायला लागल्या.